आधी निदान, मग पाना

चेन्नईतील माझ्या मावसबहिणीच्या घरात पहाटे साडेतीनलाच दिवा लागतो. ती आणि भावोजी मिळून कार्यालयांना दुपारचे जेवण पुरवतात. भावोजी आपली लहान पिकअप घेऊन कोयंबेडूच्या घाऊक बाजारात भाजी आणायला जातात. ते परत आले की ताईच्या स्वयंपाकघरात चार बायका पोळ्या लाटायला बसतात आणि साडेदहाला तीच गाडी डबे घेऊन जुन्या महाबलीपुरम रस्त्याकडे निघते. या घराची चूल गॅसवर पेटत असली, तरी घर चालते ते त्या चार चाकांवर.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. तमिळ लोक ज्याला 'अग्नी नक्षत्रम' म्हणतात, ते कडक उन्हाचे दिवस होते. एके दिवशी सकाळी सहा वाजता फोन वाजला. बाजारातून परतताना एक पूल चढता चढता गाडी तापून उभी राहिली होती. काटा लाल रेषेला टेकला होता, बॉनेटखालून वाफ येत होती आणि मागे हौद्यात त्या दिवसाची सगळी भाजी होती.

"अहो, त्या पोराला झाकणाला हात लावू देऊ नका!" ताई फोनवर जवळजवळ ओरडलीच. गाडीवरचा मदतनीस मुलगा ओले पोते घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघाला होता.

महिन्याभरात हे तिसऱ्यांदा घडत होते. पहिल्या वेळी एका गॅरेजने नवा रेडिएटर बसवून दिला. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट काढून टाकला. पैसे गेले, दोन दिवसांचे काम बुडाले आणि आजार होता तिथेच राहिला.

या वेळी शेजाऱ्यांनी सुचवलेले एक वयस्कर मेकॅनिक आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. त्यांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही. भावोजींना डबे पोहोचवायची घाई होती. अण्णा शांतपणे म्हणाले, "अवसरम वेण्डाम." आपल्याकडे 'अवसर' म्हणजे सवड, तमिळमध्ये 'अवसरम' म्हणजे घाई. घाई नको, असे ते सांगत होते. मग त्यांनी दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. गाडी थंड झाल्यावर झाकण काढून पाहिले आणि ते भावोजींच्या हातात दिले. झाकणाच्या आतले रबर चिरलेले होते. नव्या रेडिएटरवर जुनेच झाकण बसवले गेले होते! दोन-अडीचशे रुपयांच्या वस्तूसाठी हजारो रुपये खर्च झाले होते.

पिकअप ही आता केवळ व्यापाऱ्यांची गाडी राहिलेली नाही. टाटांची 'एस' २००५ साली बाजारात आली आणि लवकरच आपल्याकडे अशा गाड्यांचे नाव 'छोटा हत्ती' पडले. तमिळमध्येही तिला 'कुट्टी यानै' म्हणतात, अर्थ तोच. २०११ मध्ये चेन्नईच्याच अशोक लेलँडची 'दोस्त' आली, ती होसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. भाजीवाले, दूधवाले, मंडपवाले, रोपवाटिका चालवणारे अशा कितीतरी कुटुंबांचा संसार या गाड्यांवर उभा आहे. म्हणून गाडीचा आजार ओळखण्याचे थोडे ज्ञान घरातल्या प्रत्येकाला असायला हवे. मग ती व्यक्ती गाडी चालवत असो वा नसो.

पाच प्रश्न विचारा

डॉक्टर जसे नाडी पाहण्याआधी 'कधीपासून होतेय?' असे विचारतात, तसेच गाडीचेही आहे. अण्णांनी विचारलेले प्रश्न मी लिहून घेतले. ते सगळ्याच गाड्यांना लागू पडतात.

बिघाड इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर? गाडी रिकामी असताना होतो की भरलेली असताना? उभी असताना, धावताना, वळताना, ब्रेक दाबताना की चढावर? तो एकाएकी सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते?

या पाच उत्तरांनी शंभरातल्या बऱ्याच शक्यता आपोआप गळून पडतात. उरलेल्या तपासताना एक नियम पाळावा. जे तपासायला सोपे आणि स्वस्त आहे ते आधी पाहावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम तीन भाग बदलले तर गाडी कदाचित बरी होईल, पण कशामुळे बरी झाली हे कळणार नाही.

आता नेहमीच्या तक्रारी एकेक करून पाहू.

गाडी तापते

गाडी तापली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. हा दाब झाकण धरून ठेवते आणि त्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता त्याहून सुमारे वीस अंश वर गेल्यावर उकळते. गरम असताना झाकण उघडले की दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते. ओल्या पोत्याने त्यापासून बचाव होत नाही. ताई ओरडली ती याचसाठी.

रबर चिरले की दाब टिकत नाही. पाणी लवकर उकळते, बाजूच्या बाटलीत जाते आणि तेथून सांडते. गाडी थंड झाल्यावर ते परत रेडिएटरमध्ये खेचले जायला हवे, तेही होत नाही. म्हणून गाडी गरम असताना बाटली काठोकाठ भरलेली आणि सकाळी रेडिएटर मात्र रिकामा, असे दिसले तर आधी झाकण पाहावे.

झाकण चांगले असेल तर गाडी तापते कधी, हे आठवा. सिग्नलला उभी असताना तापते आणि धावू लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. फॅन फिरतो का, फॅनबेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकले आहेत का, ते पाहा. याउलट उभी असताना ठीक आणि भार घेऊन वेगात जाताना तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून तुंबलेला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पाण्याचा पंप दुबळा झाला असेल.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. इंजिन योग्य तापमानाला लवकर पोहोचावे यासाठी तो असतो. तो नसला की डिझेल जास्त जळते आणि इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून जाते आणि गाडी उलट जास्त तापते. अण्णांनी भावोजींच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट परत बसवला.

झाकण, फॅन, पंप सगळे ठीक आणि तरी पाणी कमी होते आहे? मग ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले, किंवा थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.

रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे. चेन्नईत समुद्राजवळच्या भागात बोअरचे पाणी खारट असते. आपल्याकडेही अनेक गावांत ते जड असते. किटलीच्या बुडाशी जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

गाडी सुरूच होत नाही

येथे कान हेच हत्यार. किल्ली फिरवल्यावर 'किट-किट-किट' असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टर्मिनल्स सैल आहेत. एकच 'टक्' आवाज येतो आणि दिवे मात्र लख्ख राहतात, तर दोष बहुधा सेल्फमध्ये आहे. काहीच आवाज नसेल तर फ्यूज आणि किल्लीचा स्विच पाहावा. आणि इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे, डिझेलकडे वळावे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली दिसते. तिच्यामुळे वीज नीट पोहोचत नाही. ही साफसफाई घरी करता येते. आधी ऋण टोकाची वायर काढा, मग धन टोकाची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. कोरडे करा, आधी धन आणि मग ऋण वायर जोडा आणि थोडे व्हॅसलीन लावा. बॅटरीजवळ काडी पेटवू नका, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

एक साधा मीटर घरात असला तर आणखी बरे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तो वर चढतच नसेल, तर बॅटरी बदलून उपयोग नाही. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दोषी आहे. नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल आणि बिचाऱ्या दुकानदाराला बोल लागेल.

डिझेलची शंका असेल तर फिल्टर पाहावा. डिझेलमधले पाणी फिल्टरच्या तळाशी साचते. ते सोडण्यासाठी तळाला बहुधा एक स्क्रू असतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली की नळीत हवा शिरते आणि मग डिझेल भरूनही गाडी सुरू होत नाही. जुन्या गाड्यांत हातपंपाने ही हवा काढता येते. नव्या कॉमन रेल इंजिनांत मात्र चालू इंजिनाची नोझलची नळी कधीही सैल करू नये. तिच्यातला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. हे काम जाणकाराचेच.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचा प्रकाश दिसत नसेल तर तो बदला. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल तर नोझल तपासून घ्यावे.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहून लिहून ठेवावी. ती सतत घटत असेल तर रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो यांपैकी कशाचा तरी दोष आहे.

पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला आणि थांबला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि पाणीही कमी होत असले, तर पुन्हा हेड गॅस्केटचाच विचार करावा.

येथे नव्या गाड्यांविषयी एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. या गाड्यांत अनेक सेन्सर असतात आणि बिघाड झाला की पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की एक क्रमांक येतो. तक्रार कोणत्या भागातून येते आहे, एवढेच तो क्रमांक सांगतो. तो भागच खराब आहे, असे तो सांगत नाही. उंदराने कुरतडलेल्या वायरीमुळेही तोच क्रमांक येऊ शकतो. म्हणून 'स्कॅनरने सांगितले' एवढ्यावर महाग सेन्सर बदलू नका. आधी वायर आणि जोड तपासायला सांगा.

खालून येणारे आवाज

इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. चढावर हे अधिक जाणवते आणि कधी जळका वास येतो. हे क्लच घसरण्याचे लक्षण आहे. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागेत, समोर-मागे कोणी नसताना हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक दाबा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच चांगला आहे. ते तसेच चालू राहिले तर प्लेट झिजली आहे किंवा पेडलची मोकळीक बिघडली आहे. आधी मोकळीक तपासावी, कारण ती दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही. ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा नाही.

गाडी पुढे घेताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून 'टक्' आवाज येत असेल तर मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या शाफ्टचा जोड सैल झालेला असतो. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. मागून येणारा 'घूंऽऽ' असा आवाज डिफरन्शियलचा असू शकतो. त्यातले ऑइल कमी झाले नाही ना, हे आधी तपासावे.

टायरही बोलतात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा असतो. तो दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो.

ब्रेक: येथे प्रयोग नको

अण्णा रेडिएटरचे काम संपवून गाडीखाली वाकले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग त्यांनी भावोजींना खाली बोलावले. मागच्या कमानीत एक पाटा जादा होता. वर्षापूर्वी जास्त माल नेता यावा म्हणून भावोजींनीच तो टाकून घेतला होता. त्यात काही गैर आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की हौदा खाली दबतो. किती दबला हे पाहून हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असताना मागे जास्त दाब गेला तर चाके जागीच जाम होतील आणि गाडी घसरेल, म्हणून ही योजना. आता पाटा वाढवला की भरलेली गाडीही खाली दबत नाही. व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी सर्वांत जड असते, नेमका तेव्हाच ब्रेक दुबळा पडतो.

भावोजी म्हणाले, "तरीच! भरल्यावर जरा लांब जाऊन थांबते. मला वाटायचं, ओझ्याने होतंय."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा शनिवारी वडिलांशेजारी बसून बाजारात जातो. ती एवढेच म्हणाली, "दोन फेऱ्या करा, डिझेल जाऊ दे. पाटा आजच काढा."

वाचकांनीही आपल्या गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेली भारक्षमता एकदा वाचावी. पहिल्या 'एस'ची ती ७५० किलो होती, 'दोस्त' सव्वा टनाच्या वर्गातली. पाटा वाढवला म्हणून ब्रेक, टायर आणि बेअरिंग वाढत नाहीत.

ब्रेकची बाकी लक्षणे अशी. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, दोनदा दाबल्यावर ब्रेक लागतो, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा कोठेतरी बाहेर गळती आहे. गाडी एका बाजूला ओढते, तर एका चाकाचा ब्रेक कमी लागतो आहे किंवा अडकला आहे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर लायनर संपले आहेत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत हे विशेष लक्षात ठेवावे. नवे डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात उतरताना सतत ब्रेक दाबल्यावर हे ऑइल उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, गळत नसले तरीही. आणि घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये उतरावा.

ब्रेक आणि स्टिअरिंगची कामे घरी करू नयेत. लक्षण ओळखणे आपले काम, पाना लावणे मेकॅनिकचे. गाडीखाली वाकून पाहायचे असले तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. चाकांना लाकडी ठोकळे आणि चासीखाली भक्कम स्टँड हवेच.

पाणी शिरले तर किल्लीला हात लावू नका

चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या 'मिचाँग' चक्रीवादळात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ ला हेच पाहिले. त्यांतील कितीतरी इंजिने पुराने नव्हे, तर पाणी ओसरल्यावर फिरवलेल्या किल्लीने मेली.

कारण सोपे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की काहीतरी मोडणारच. बहुधा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी एअर फिल्टरपर्यंत पोहोचल्याची नुसती शंका असली, तरी सेल्फ मारू नये आणि ढकलूनही सुरू करू नये. बॅटरीची ऋण वायर काढा, पाणी कोठपर्यंत आले होते त्याचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या. पाण्यातल्या गाडीला किल्ली फिरवली असेल तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. गॅरेजमध्ये इंजिनाबरोबरच गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइलही तपासायला सांगा. तेथे शिरलेले पाणी लगेच दिसत नाही, महिन्याभराने आवाज करू लागते.

जुना भाग घ्यावा का?

चेन्नईत अण्णा सलाईलगतच्या जनरल पॅटर्स रोडवर, म्हणजे 'जीपी रोड'वर, नव्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तर पुदुपेट जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दार, आरसा, दिव्याची चौकट, हौद्याचा पत्रा या गोष्टी जुन्या घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे सांधे, टायर आणि कोणतीही रबराची वस्तू मात्र जुनी घेऊ नये. बदललेला भाग मेकॅनिककडून मागून घ्या आणि तो का बदलला हे विचारा. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नाने रागावत नाही.

थांबायचे कधी?

हा कागद गाडीत चिकटवून ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले, स्टिअरिंग सैल वाटले किंवा डिझेल गळताना दिसले, तर जागीच थांबावे. 'गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे' असे म्हणू नये. क्लच घसरणे, काळा धूर, शाफ्टचा 'टक्' आवाज, बेअरिंगची घरघर यांसाठी माल उतरवून सावकाश गॅरेजला जावे. टर्मिनल साफ करणे, हवा, पाणी व ऑइल पाहणे, एअर फिल्टर काढून बघणे, ही घरची कामे.

मी निघण्याच्या आदल्या रात्री ताईने शंभर पानी वही काढली. तिने रेघा मारून रकाने केले: तारीख, किलोमीटर, काय झाले, कधी झाले, काय केले, किती लागले. पहिली नोंद झाकणाची होती, दुसरी काढलेल्या पाट्याची. भावोजी हसून म्हणाले, "अगं, किराण्याची वही आहे, दुधाची आहे, आता गाडीचीही?"

"त्या दोन्ही वह्या या गाडीवरच चालतात," ताई म्हणाली आणि पहाटेचा गजर लावून झोपायला गेली.